मागच्या बाजूचं गाव

मुरगूडच्या बाजारपेठेत झेरॉक्सच्या दुकानावरचा जिना चढून गेलं, की कॉम्प्युटर क्लास लागायचा. तिथं शिकवणारा प्रसेनजीत दिवसभर पोरांना टायपिंग शिकवायचा आणि क्लास सुटला, की दार ओढून घेऊन गेम करत बसायचा. खेळत नव्हे, करत. हा फरक मुरगुडात कुणाला पटवून द्यायचा म्हणजे भिंतीशी बोलणं होतं. तिशीला टेकलेला माणूस, अजून लग्नाचा, आणि पडद्यावर ठिपक्याठिपक्यांची माणसं काढत बसतो म्हटल्यावर लोकांना जे वाटायचं ते वाटायचंच. क्लासचे मालक हंबीरराव तोंडावर विचारायचे, "सर, ह्यात काय मिळतंय का?" प्रसेनजीत "न्हाय" म्हणायचा आणि विषय तिथंच संपायचा.

हे वेड त्याला शाळेत असताना लागलं, गारगोटीत. त्र्याण्णव-चौऱ्याण्णवचा सुमार असेल. बाजारात एकानं टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणला होता आणि तो तासावर खेळायला द्यायचा. बाकीची पोरं गोळ्या झाडायच्या कॅसेटसाठी एकमेकांच्या उरावर बसायची. एक कॅसेट मात्र कुणी हातात धरायचं नाही, कारण तिच्यातली सगळी अक्षरं जपानी आणि तिच्यात नुसतं चालायचं. एक बुटका पोरगा, एक गाव, मग रान, मग डोंगर, मग दुसरं गाव. प्रसेनजीतला तीच लागायची.

त्या बुटक्याला कुठल्याही घरात जाता यायचं. दार ढकललं की आत. मडकी उचल, पेटी उघड, चुलीपाशी उभा राहा. घरची माणसं चार शब्द बोलून बाजूला व्हायची. ‘कुणाचा रं तू?’ असं कुणी विचारत नव्हतं. प्रसेनजीतला तो प्रश्न चांगला ओळखीचा होता. वरवर साधाच, पावण्यारावळ्यालाही विचारतात तसा. पण उत्तर दिलं, की विचारणाऱ्याचा चेहरा कसा बदलतो ते त्यानं लहानपणापासून बघितलं होतं. टीव्हीतल्या गावात हे नव्हतं, आणि म्हणून त्याला त्या गावातनं बाहेर यावंसं वाटत नव्हतं.

त्याचे वडील बाळासो. घरात सगळे त्यांना तात्या म्हणत. एसटीत कंडक्टर होते. आवाज असा, की मागच्या सीटवर झोपलेला माणूस आपल्या गावाचं नाव ऐकून दचकून उठायचा. त्यांच्या मार्गावर सावरघोळ नावाचं एक गाव होतं. तिथंही ते तसंच ओरडायचे, उतरणाऱ्याला उतरवायचे, घंटी मारायचे. फक्त स्वतः खाली उतरत नसत. दुसऱ्या कुठल्या गावात म्हातारीचं बोचकं खाली द्यायला धावणारा हा माणूस सावरघोळात पायरीवर उभा राहायचा आणि पुढच्या काचेतनं रस्ता बघायचा. ते त्यांचं जन्मगाव होतं. छप्पन साली तिथल्या त्यांच्या वस्तीनं बौद्ध धम्म घेतला, गावकीची कामं सोडली आणि त्याचा राग गावानं पुढं बरीच वर्षं काढला. तात्या तेव्हा पोरसवदा होते. जाणते झाल्यावर पोटामागं बाहेर पडले, ते पडलेच.

रिटायर झाले आणि साखरेनं त्यांचे डोळे धरले. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी लेसर केलं आणि प्रसेनजीतला बाजूला घेऊन सांगितलं, की हे थोपवून धरलंय, बरं झालेलं नाही. एक दिवस डोळ्याच्या पडद्यात रक्त उतरेल, मग काही दिसायचं नाही. तात्या त्याच दिवशी परतीच्या गाडीत म्हणाले, "आमचं सावरघोळ कसं व्हतं, सांगितलंय का तुला कधी?" कधीच सांगितलं नव्हतं.

प्रसेनजीत एकटाच एकदा सावरघोळला जाऊन आला. सगळीकडं स्लॅबची घरं, रस्ता रुंद झालेला, जुना आड बुजवून त्यावर टपरी. तात्यांचं गाव आता तात्यांच्या डोक्यातच होतं आणि डोळे असेपर्यंत ते त्यांना एकदा दाखवायचं, एवढं त्यानं मनाशी धरलं. जुन्या व्हिडिओ गेमसारखा, ठिपक्यांचाच गेम करायचा. तात्यांना बारीक काही दिसत नव्हतं, पण ठळक रंगाचे चौकोन दिसत होते. आई, पारूबाई, पडद्याकडं बघून म्हणाली, "हे तर दोसुतीवरचं भरतकाम हाय की." बरोबरच होतं तिचं. एकेक टाका घालावा तसा एकेक चौकोन रंगवायचा, की त्याचं झाड होतं, म्हैस होते, माणूस होतो.

गोष्ट साधी होती. एक पोरगा, घरी त्याची आई तहानलेली, आणि पाणी गावच्या आडावर. पोरानं रान तुडवायचं, वेदगंगेच्या काठानं जायचं, डोंगरातल्या गुहेतनं दोर आणायचा, उसाच्या फडात हरवायचं, लांबवर बिद्रीच्या कारखान्याची चिमणी बघून वाट काढायची आणि शेवटी गावात येऊन आपल्या हातानं पाणी शेंदायचं. आपल्या हातानं, हे महत्त्वाचं. तात्यांची आई तानाबाई जन्मभर आडाच्या अलीकडं, दगडी डोणीपाशी घागर ठेवून उभी राहिली होती. वरनं कुणी ओतलं तर पाणी, न्हायतर ऊन.

तात्या सांगत गेले आणि प्रसेनजीत काढत गेला. पाटलाच्या घराला दोन खिडक्या, एकीचा गज मोडलेला. तेल्याच्या भिंतीला पोट सुटलेलं. सुताराच्या मोरीचं पाणी शेवग्याच्या बुडात. "आत काय होतं?" असं प्रसेनजीतनं विचारलं, की तात्या म्हणायचे, "आतलं मला रं काय ठावं?" त्यानं घरांच्या आतलं काम पुढं ढकललं. रानातली, डोंगरातली, दुसऱ्या गावांतली सगळी घरं उघडत होती. सावरघोळचं बघू नंतर.

गाव पुरं झालं तेव्हा त्यानं तात्यांना क्लासवर आणलं, खुर्ची पडद्याला चिकटवून बसवलं आणि त्यांचं बोट बाणाच्या बटणावर ठेवलं. तात्यांनी पोराला गावात घातलं. इकडं नेलं, तिकडं नेलं.

"कुठलं गाव म्हणायचं हे?"

"सावरघोळ की, तात्या."

"न्हवं."

"तुमीच सांगितलंय तसं काढलंय. ह्यो बघा, मोडका गज."

"गज हाय. पण हे आमचं गाव न्हवं." आणि तात्या उठले.

प्रसेनजीत चिडला. वर्षभर मान मोडून काम केलेलं आणि हा माणूस एका शब्दात पुसून मोकळा. तो बोलू नये ते बोलला. म्हणाला, "तुमचं डोळंच गेल्यात, तुमाला काय कळणार." तात्या भिंत चाचपत जिना उतरले. बाप-लेक बरेच दिवस एकमेकांशी बोलत नव्हते आणि पारूबाई दोघांची ताटं वेगवेगळ्या वेळी वाढत होती.

चूक सापडली ती एका दुपारी, पोरांचा पेपर चालू असताना. शेवग्याचं झाड काढलं होतं त्यानं पाटील गल्लीत, दारासमोर. आणि त्याच्या मनात आलं, दारासमोर मोरी कुणाची असते? मोरी मागं असते. शेवगा मागं असतो. भिंतीला पोट सुटतं ते गोठ्याच्या बाजूला. तात्यांनी सांगितलेली एकूण एक गोष्ट घरांच्या पाठीची होती. दार त्यांनी एकाही घराचं सांगितलं नव्हतं. समोरच्या गल्लीतनं त्यांची माणसं जात नव्हती. ओढ्याच्या कडेनं, उकिरड्यांवरनं, मागच्या मागं जायची. पण जगातला झाडून एकेक गेम घराची दर्शनी बाजू दाखवतो, दार खेळणाऱ्याकडं करतो, आणि प्रसेनजीतनंही न विचारता पाठीवरची खिडकी उचलून समोर आणली होती, शेजारी मनानं दार काढलं होतं आणि त्याला निळा रंग दिला होता. स्वतःच्या बापाचं बोलणं त्याला ऐकू आलं नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली.

त्यानं सगळं गाव उलटं फिरवलं. ओढ्याकडनं आलं, की घरांच्या पाठीच दिसतील असं केलं. आडाजवळ एक बोळ ठेवला. बोळातनं पलीकडं गेलं, की चित्र बदलायचं आणि गल्ली दिसायची, सगळ्या घरांची तोंडं, दारं, ओटे. ती मनानंच काढलेली, पण होती. तात्यांना तिथवर न्यायचं होतं. दरम्यान तात्यांचा एक डोळा गेला होता.

ह्या वेळी तात्या पडद्यापुढं बसले आणि पहिल्यांदा हसले. "अरं, हे तेल्याचं घर. हितं आमची शेरडं बसायची. ह्या खिडकीतनं पाटलीण भाकरी टाकायची, आई पदर धरायची." ते बोलत होते, बोट चालत होतं, पोरगा ओढ्याकडनं, उकिरड्यांमधनं बिनचूक जात होता. प्रसेनजीतनं आपल्या बापाला एवढं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. पोरगा डोणीपाशी आला आणि थांबला.

"आणि चार पावलं, तात्या. म्होरं बोळ हाय. आड हाय, गल्ली हाय."

"ठावं हाय."

"मग जावा की. कोण अडवतंय?"

"कोण न्हाय."

"मी केलंय हे गाव. माझ्या गावात कोण बोलणार तुमाला?"

तात्यांचं बोट बटणावर होतं. दाबत नव्हतं. "पाय उचलत न्हाय रं," ते म्हणाले, आणि पोराला वळवून आल्या वाटेनं ओढ्याकडं घेऊन गेले. "बघू, पुन्हा कवातरी."

म्हातारपणी, स्वतःच्या लेकानं काढलेल्या गावात, ठिपक्यांच्या पायांनाही तिथनं पुढं जाता येऊ नये. ज्यांनी हे शिकवलं त्यांची आज नावंसुद्धा कुणाला आठवत नसतील, पण शिकवण मात्र पक्की बसली होती.

पुन्हा कवातरी आलंच नाही. दिवाळीच्या आधी दुसऱ्या डोळ्यात रक्त उतरलं आणि तात्यांना अंधार झाला. प्रसेनजीतनं गेम इंटरनेटवर टाकून दिला. कुणातरी परदेशी पोरानं खाली लिहिलं, की रानं-डोंगर सुरेख आहेत, पण चित्रकाराला घरं काढता येत नाहीत, सगळी पाठमोरी काढलीत. प्रसेनजीतनं क्लासवरचा आपला कॉम्प्युटर घरी आणून ठेवला आणि कापड टाकून झाकला.

उन्हाळ्यात एका संध्याकाळी तात्या उंबऱ्याजवळच्या खुर्चीवरनं म्हणाले, "ते गाव हाय का अजून?"

"हाय की."

"लाव."

त्यानं लावलं. पोराच्या पावलांचा टकटक आवाज त्यानं घातला होता, तो तात्यांना ऐकू येत होता. "कुठं आलाईस?"

"डोणीपाशी."

"जा आत."

प्रसेनजीतनं वळून बघितलं. तात्यांनी मिटलेले डोळे पडद्याकडं केले होते. त्यानं बटण दाबलं. बोळ संपला, चित्र बदललं.

"आलो गल्लीत, तात्या."

"कसं दिसतंय समोरनं?"

जे दिसत होतं ते त्यानंच बनवलेलं होतं आणि ते खरं आहे का, हे विचारायचं तर मागं बसलेल्यालाच विचारायला हवं होतं. तो म्हणाला, "ओटं हाईत. तुळशी हाईत. पाटलाच्या दाराला वर गणपती हाय."

"दार कसल्या रंगाचं?"

"निळं."

"निळं व्हय." तात्या म्हणाले. "मी आपला तांबडं धरून चाललोतो. बारकं असल्यापासनं."

प्रसेनजीतनं खेळ थांबवला, चित्राचं सॉफ्टवेअर उघडलं आणि दाराचे चौकोन एकेक करून तांबडे केले. खेळ पुन्हा सुरू झाला, तोच पोरगा, तीच गल्ली.

"झालं, तात्या. तांबडं हाय."

"कडी?"

"हाय, पितळंची."

"मग वाजीव की."

पोरगा ओट्यावर चढला. प्रसेनजीतनं बटण दाबलं, कडी वाजली. दार उघडलं नाही. ते उघडणार नव्हतंच. आत काढलेलं काही नव्हतं, कारण आतलं घर त्यांच्या घरातल्या कुणीच कधी बघितलं नव्हतं, आणि जे कुणीच सांगितलं नाही ते मनानं काढायला प्रसेनजीतचा हात धजला नव्हता. त्यानं पुन्हा बटण दाबलं. कडी पुन्हा वाजली.

"काय रं?" तात्यांनी विचारलं.

"घरात कोण न्हाय वाटतं, तात्या."

"असू दे," तात्या म्हणाले. "रानात गेली असतील. थांबू जरा हितंच, ओट्यावर."