हट्टी डॉक्टर आणि कोपरीची विहीर

डॉक्टर अंतोन गेल्याची बातमी मला शाळेत कळली. तापाचे रोगी बघायला ते कल्याणला गेले होते, आणि तिथेच त्यांना तापाने धरले. बातमी घेऊन आली ती कोपरीची जानकी कोळीण. वर्गाच्या दारात टोपली उतरवून म्हणाली, "मास्तर, आपला डागतर गेला." मी मुलांना घरी सोडले. पुढे ठाण्यात शोकसभा झाली. 'मवाळ, गोड स्वभावाचे' असे त्यांना म्हणणाऱ्यांची तिथे रीघ लागली होती. हे साफ खोटे आहे. डॉक्टर हट्टी होते, तोंडाचे फटकळ होते, आणि ज्यांची त्यांनी झोप उडवली तेच त्या सभेत पुढे बसले होते. म्हणून हे लिहायला घेतले.

आमची ओळख विहिरीवरची. कोपरीतल्या आमच्या आळीत दर पावसाळ्यात जुलाब-वांत्यांनी माणसे दगावत आणि आम्ही देवीचा कोप म्हणून नवस फेडत असू. डॉक्टरांना विहिरीचे पाणी तपासायचे होते. पण ते ख्रिस्ती, त्यांचा दोर आत पडला की विहीर बाटली. तेव्हा पाणी मी शेंदायचे आणि वरून त्यांच्या काचेच्या पेल्यात ओतायचे, असे ठरले. भर उन्हात विहिरीच्या ओट्यापलीकडे उकिडवे बसून ते पेल्यात रुप्याचे औषध थेंबाथेंबाने टाकत. पाणी दुधाळ होई. जितके औषध जिरे, तितका मिठाचा अंश जास्त. "याला मिठातलं क्लोरीन मोजणं म्हणतात, मास्तर," ते सांगत, "माणसाच्या मुतात मीठ असतं. ते गोड्या विहिरीत कुठून आलं, एवढंच मला विचारायचंय." नको तो शब्द त्यांनी मुद्दाम मोठ्याने उच्चारला. आळीत गहजब झाला. डॉक्टर विहिरीत विष टाकतो अशी आवई उठली, आणि मला लोक बाटगा म्हणू लागले.

मग शहाण्यांनी तोड काढली: खाडी जवळ, पाणी खारटणारच. डॉक्टर म्हणाले, बघू. उधाणाची मोठी भरती असो, भांगाची लहान भरती असो, आम्ही खाडीकाठच्या सगळ्या विहिरी मोजत हिंडलो. त्यांचे मीठ भरतीबरोबर चढे-उतरे. आमच्या विहिरीला भरती-ओहोटीचे सोयरसुतकच नव्हते.

त्याच सुमारास आळीतल्या एका बड्या गृहस्थांची दाढ ठणकू लागली. नाव लिहीत नाही. त्यांचे परसू विहिरीला लागून, आणि विहीर बंद करायला सगळ्यात मोठा विरोध त्यांचाच. न्हाव्याने दाढ ओढताना अर्धी मोडली, गाल टमटमीत फुगला, तेव्हा तोंडावर उपरणे धरून ते डॉक्टरांच्या दारी आले. जाग्या माणसाची दाढ ओढणे डॉक्टरांना कसाईपणा वाटे. ते क्लोरोफॉर्म देऊनच काढत. गृहस्थांना भीती, की शुद्ध गेल्यावर हा मला आपले पाणी पाजेल. "घरून तांब्या आणा," डॉक्टर म्हणाले, "आणि पाहऱ्याला मास्तरांना उशाशी बसवा."

रुमालावर थेंब पडले, गृहस्थ सैलावले आणि बरळू लागले. जे बोलले ते विहिरीबद्दल होते. ते बाहेर फुटते तर दुसऱ्याच दिवशी विहीर बंद झाली असती. दाढ निघताच मी दाराकडे निघालो. डॉक्टरांनी माझा हात धरला.

"बेशुद्धीत माणूस बोलला ते मी ऐकलेलं नाही. तुम्हीही नाही."

"अहो, माणसं मरतायत!"

"म्हणून तर पाणी मोजतोय."

गृहस्थांनी शुद्धीवर येताच पहिले विचारले, "मी काही बोललो का हो?"

"घोरत होता," डॉक्टर म्हणाले.

त्या पावसाळ्यात आळीतली एक बाळंतीण गेली. डॉक्टर दारोदार 'पाणी उकळा' म्हणून ओरडत फिरले होते, कोण ऐकतो? मला त्यांचा इतका राग आला की कित्येक दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही. ते एकटेच ओट्यापलीकडे बसत. जानकी सांगे, पाणी ओतायलाही कोणी नसे, तर हा वेडा येणाऱ्या-जाणाऱ्याला हात जोडतो. पावसाने इतर विहिरींतले मीठ उतरले, आमच्या विहिरीतले क्लोरीन मात्र वाढले. तो पुरावा त्यांनी नगरपालिकेपुढे आपटला आणि विहिरीवर फळ्या ठोकायला लावल्या. पुढचा पावसाळा आळीत कोणी दगावले नाही. दाढ काढली त्या दिवशी त्यांचे बरोबर होते की नाही, हे मला आजही सांगता येत नाही. पण शुद्ध हरपून त्यांच्या टेबलावर पडायला पुढे कोणी घाबरले नाही, हे खरे.

आता डॉक्टर गेले, तर फळ्या काढू म्हणून परवा आळी जमली. डॉक्टरीणबाईंकडून मी पेला आणि औषधाची बाटली मागून आणली. एक फळी सरकवून पाणी शेंदले आणि ओट्यावर न बसता पलीकडे, मातीत, उकिडवा बसलो. पाणी पांढरे झाले.

"मास्तर, आता कशाला हे?" ते गृहस्थ म्हणाले. "तो तर गेला."

ते माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होते. त्यांचे बेशुद्धीतले ते वाक्य माझ्या जिभेवर आले होते... इथे लिहीत नाही, तिथेही बोललो नाही. हे वाचून त्यांना घाम फुटला तर फुटो.

"ते गेले," मी म्हटले, "पाणी अजून तेच आहे." आणि पुढचा थेंब टाकला.