वाकाचे लाकूड

राळ आणि तेल एकत्र तापल्याचा वास कुठेही आला, की माझा हात अजूनही नकळत डाव्या जबड्याकडे जातो. तो वास मला पहिल्यांदा भेटला बाळकुमच्या खाडीकाठी, गावदेवीच्या देवळासमोर. नव्वदच्या दशकाची ती सुरुवातीची वर्षे. माझ्या जबड्यात गाठ वाढत होती. ती हाडासकट काढून त्या जागी पायाचे, नडगीशेजारचे बारीक हाड बसवू, असे डॉक्टर म्हणाले होते. पण पायाचे हाड सरळ आणि जबडा चंद्रकोरीसारखा. सरळाला गोलाई यायची कशी? या भीतीने मी शस्त्रक्रिया दोनदा पुढे ढकलली. गाठ मात्र थांबायला तयार नव्हती.

शेवटी कोपरीहून एकटीच देवीला कौल लावायला गेले. गुरवाने मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुले चिकटवली. उजवे पडले तर होकार, डावे पडले तर नकार. तासभर मी पाकळ्यांवरून ओघळणारे पाणी पाहत उभी राहिले. एकही फूल हलले नाही. देवीला माझ्याशी बोलायचेच नाही, असे वाटून मी बाहेरच्या पायरीवर बसून रडले.

समोर एक वृद्ध कोळीबाबा राळ-तेल तापवत होडी दुरुस्त करत होते. "काय गो बाय, आई बोलली नाय का?" सुजलेल्या तोंडाने मी जमेल तसे सांगितले. ते मिस्कील हसले. "पायाचं हाड तोंडात? मंग तू बसल्या जागी चालशील गो!"

रडता रडता मला हसू फुटले. त्यांनी एक सरळ दांडके घेतले, आतल्या बाजूने पाचरीएवढ्या खाचा पाडल्या, हळूहळू वाकवले आणि होडीच्या पोटाशी धरले. ते अलगद तिच्या कुशीत बसले. "वाक असा येतो. तुजा डॉक्टर आमच्यातलाच दिसतो. जा, भिऊ नको."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी माझ्या प्रश्नावर कागदाच्या पट्टीला तशाच खाचा पाडल्या आणि ती वाकवून माझ्या हनुवटीशी धरली. मी संमतीपत्रावर सही केली. शस्त्रक्रियेत सबंध दिवस त्यांनी माझ्याच हाडाला वळण दिले, केसाहून बारीक टाक्यांनी त्याच्या रक्तवाहिन्या मानेतल्या वाहिन्यांना जोडल्या. त्या हातांना मी रोज मनोमन वंदन करते. नंतर कित्येक दिवस परिचारिका तासातासाला माझ्या तोंडात बॅटरी धरून, हाडाबरोबर बसवलेल्या कातडीत रक्त खेळते आहे ना ते पाहत आणि म्हणत, "गुलाबी आहे हं, ताई!" इतके मंगल शब्द मी कोणत्याही स्तोत्रात ऐकले नव्हते.

फूल पडले असते, तर उत्तर घेऊन मी तडक घरी परतले असते. ते पडले नाही, म्हणून मी त्या पायरीवर थांबले. आता मी कौल लावत नाही. देवीपुढे नुसती बसते, आणि ती बसवील तिथे बसते.

शस्त्रक्रियेनंतर वर्षाने मी काठीशिवाय ती पायरी चढले. कोळीबाबा तिथेच होते. त्यांनी माझा चेहरा उजेडाकडे वळवून होडीचा सांधा पाहावा तसा निरखला आणि प्रसादाच्या खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला. त्यांच्या बोटांना राळेचा वास होता. डॉक्टरांनी परवानगी देऊनही मऊ भातापलीकडे जायचे धैर्य मला झाले नव्हते. मी तुकडा नुसता ओठांशी धरून उभी राहिले. ते म्हणाले,

"चाव."