तात्यांचं रिव्हॉल्व्हर ठाण्यात होतं ते दिवस

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी आईवडिलांच्याही आधी तात्यांचं नाव घेईन. आईवडिलांनाही त्यात वावगं वाटणार नाही. तात्या म्हणजे विश्रांतवाडीच्या पुढचे माझे जुने घरमालक. सोलापूरकडच्या एका तालुक्याच्या गावात बारावी करून मी स्वारगेटला उतरलो, तेव्हा आमच्या घरातल्या कुणी कॉलेज आतून पाहिलेलं नव्हतं. तात्यांनी ट्रॅक्टरच्या शेडवरची खोली मला दिली आणि पहिल्याच आठवड्यात काकूंनी माझं ताट त्यांच्या पंगतीत मांडलं. माझी परीक्षा असली की घरातला टीव्ही बंद. एकदा क्रिकेटचा अंतिम सामना होता, तरी बंद. तात्यांची मुलं शेजारी जाऊन पाहून आली. "मास्तर पास झाला पाहिजे," एवढंच तात्या म्हणाले. मी शिक्षक होण्याच्या कितीतरी आधीपासून ते मला मास्तर म्हणतात.

आता मी मार्केट यार्डाजवळच्या एका शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवतो आणि तिकडेच राहतो. पण बहुतेक रविवारी दुपारचं जेवण अजूनही काकूंच्या हातचं असतं.

तात्यांकडे एक रिव्हॉल्व्हर आहे. त्यांच्या जमिनीवर बिल्डरची स्कीम झाली तेव्हा त्यांना धमकीचे फोन यायला लागले. ते खरे होते; काकू तेव्हा मुलांना शाळेतसुद्धा पाठवत नव्हत्या. तात्यांनी रीतसर अर्ज केला, पोलिसांनी चौकशी केली, परवाना मिळाला. धमकी देणारा माणूस पुढे तुरुंगात गेला आणि तिथून कुठे गेला कुणाला माहीत नाही. रिव्हॉल्व्हर मात्र राहिलं. एरवी कपाटात, लग्नाकार्यात कमरेला.

दसऱ्याला त्यांच्या अंगणात शस्त्रपूजा होते. पाटावर विळे, कोयता, नांगराचा जुना फाळ, ट्रॅक्टरची किल्ली आणि मधोमध झेंडूची फुलं वाहिलेलं रिव्हॉल्व्हर. तेही गोळ्या भरलेलं. "रिकाम्या हत्याराची पूजा करत नसत्यात," असं तात्यांचं म्हणणं. हा नियम कुठून आला ते कुणालाच सांगता येत नव्हतं, पण घरात सगळे तो पाळत.

गेल्या दसऱ्याला तात्यांचे थोरले भाऊ आपट्याची पानं घेऊन आले. ते भिंतीपलीकडेच राहतात आणि दोघांमध्ये त्या भिंतीवरूनच वाद आहे.

"घे, सोनं घे," थोरले म्हणाले.

"सोनं देताय अन् रस्ता दाबताय, दादा."

"रस्ता कुणी दाबला? भिंत तू बांधलीस."

"मग आणा की मोजणी."

"मोजणीवाल्याला तू चहा पाजून ठेवलायस. सगळ्या आळीला ठाव हाय."

आवाज चढत गेले आणि मग एकाएकी दोघेही गप्प झाले. दोघांचीही नजर पाटाकडे गेली होती. पाटाला टेकून तात्यांच्या नाती झेंडूच्या पाकळ्या मोजत बसल्या होत्या. काकू पुढे आल्या, विळे-कोयत्यांसकट तो अख्खा पाट उचलून आत घेऊन गेल्या आणि आतूनच म्हणाल्या, "पूजा झाली. आता काय भांडायचं ते भांडा."

कुणी भांडलं नाही. थोरले पानं तशीच हातात घेऊन परत गेले.

पुढे महापालिकेची निवडणूक लागली आणि परवानाधारकांनी हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करावीत असा निरोप आला. "मी काय गुंड हाय व्हय?" असं म्हणत तात्या जाऊन जमा करून आले. त्याच काळातल्या एका रविवारी मी जेवत असताना भिंतीचा वाद पुन्हा उठला. या वेळी तो चांगला लांबला. दोघा भावांनी एकमेकांच्या आईचा उद्धार केला. आई एकच होती हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. शेवटी दम लागून दोघे ओट्यावर बसले. काकूंनी चहा आणला. थोरले म्हणाले, "साखर कमी पडलीय." वाद मिटला नाही, पण चहा मात्र दोघांनी संपवला.

त्याच आठवड्यात परदेशातल्या एका शाळेत झालेल्या गोळीबाराची बातमी आली. नववीच्या वर्गात एका मुलाने विचारलं, "सर, आपल्याकडे असं होऊ शकतं का?" मी सांगितलं की आपल्याकडे बंदूक दुकानात जाऊन सहज घेता येत नाही. कारण द्यावं लागतं, पोलीस चौकशी करतात, परवान्याचं नूतनीकरण करावं लागतं. मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "पण ज्यांना परवाना मिळालाय, त्यांना राग येत नाही का?" मी उद्या बोलू म्हणालो. दुसऱ्या दिवशी मी पुढचा धडा घेतला.

निकाल लागले आणि तात्यांचा फोन आला. "मास्तर, मंगळवारी चल माझ्यासंगं. हत्यार सोडवून आणू. शिकलेला माणूस बरोबर असला की साहेब नीट बोलत्यात." थोड्या वेळाने काकूंनी स्वतःच्या मोबाइलवरून फोन केला. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "त्यांना सांग, राहू दे तिथंच. माझं ऐकत नाहीत, तुझं ऐकतील."

मी दोघांनाही "बघतो" म्हणालो. तात्यांसमोर मला हे बोलता आलं नसतं आणि त्यांच्या व्हॉट्सॲपवर लिहिलं असतं तर आधी नातींनी वाचलं असतं. म्हणून पत्र लिहिलं आणि पोस्टात टाकलं. ते असं:

तीर्थरूप तात्यांना शिरसाष्टांग नमस्कार.

मंगळवारी मी येणार नाही. शाळेचं कारण सांगता आलं असतं, पण तुम्हाला खोटं सांगायचं नाही. हत्यार परत आणू नये असं मला वाटतं.

तुम्ही ते घेतलंत तेव्हा खरंच गरज होती. आज तुमच्यावर चालून येणारं कुणी नाही. आज तुम्हाला राग येतो तो फक्त दादांचा, आणि दादांना तुमचा. दसऱ्याला तुम्ही दोघांनी कुठे पाहिलं ते मी पाहिलं. काकूंनीही पाहिलं. त्या तुम्हाला सांगणार नाहीत, म्हणून मी लिहितो.

निवडणुकीत माणसं तापतात म्हणून सरकार हत्यारं जमा करून घेतं. भावकीचं भांडण मात्र वर्षभर चालतं. आपल्याकडे शाळांमध्ये परदेशातल्यासारखे गोळीबार होत नाहीत, ते आपण फार थंड डोक्याचे आहोत म्हणून नव्हे. हत्यार हाताशी नसतं म्हणून. माझ्या वर्गातल्या मुलांना मी एवढंच सांगू शकतो आणि ते तुमच्या घरीही खरं असावं असं वाटतं.

परवाना परत करता येतो. मी ठाण्यात विचारून आलो. अर्ज मी लिहीन, तुम्ही फक्त सही करा. आणायचंच ठरवलंत, तर गोळ्या काढून वेगळ्या कुलपात ठेवा आणि किल्ली काकूंकडे द्या.

तुम्ही रागावणार हे माहीत आहे. रविवारी मी नेहमीसारखा येतो. हवं तेवढं बोला, मी ऐकून घेईन आणि जेवूनच जाईन.

आपला
मास्तर