दादाचा गुण्या

आमच्या धंद्यात दुसऱ्याचा गुण्या तपासणं म्हणजे त्याला तोंडावर खोटं म्हणणं. गुण्या म्हणजे काटकोन बघायचं हत्यार. शिसवी दांडा आणि त्यात बसवलेलं फूटभर पोलादी पातं. तो बरोबर आहे का हे बघायला फार अक्कल लागत नाही. सरळ कडेच्या फळीला दांडा टेकवायचा, पात्याला धरून पेन्सिलीची रेघ मारायची, मग गुण्या पालथा घालून त्याच जागी दुसरी रेघ मारायची. दोन्ही एकमेकींवर बसल्या तर गुण्या खरा, फाकल्या तर खोटा. पण हे ज्याचा गुण्या त्यानंच करायचं. आमच्याकडे ते वर्षातून एकदा व्हायचं, खंडेनवमीच्या सकाळी, हत्यारांना हळदकुंकू वाहायच्या आधी. दादा रेघा मारायचा, एकच दिसली की नारळ फोडायचा. त्यानंतर वर्षभर त्या गुण्याबद्दल कोणी चकार शब्द काढायचा नाही.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. श्रीरामपूरहून बेलापूरला जाणाऱ्या रस्त्यावर आमचं फर्निचरचं वर्कशॉप आहे. वडील गेल्यावर कटर मशीन त्याच्या हाती आलं आणि माझ्या वाट्याला रंधा, पॉलिश, बिजागऱ्या, म्हणजे उरलंसुरलं. दादानं कापलेलं दार बसवताना रंधा मारावा लागत नाही, अशी त्याची ख्याती होती. ती खरी होती. हे कबूल करताना अजूनही माझ्या जिवावर येतं. मशीन शिकव म्हटलं की तो म्हणायचा, “तुझा हात अजून कच्चा हाय.” मी तेव्हा एक्केचाळीस वर्षांचा होतो.

एकदा माझे सासरे वर्कशॉपवर आले होते. दादानं मी केलेली खिडकी त्यांच्यासमोर उभी केली, सांध्याच्या फटीत आगपेटीतली काडी सरकवली आणि म्हणाला, “पावनं, बिडी वडायची असंल तर जावयाच्या खिडकीत काडी ठिवलीया.” सासरे हसले. पाहुणा माणूस, हसणार नाही तर काय करणार? मीही हसलो. पण तो दिवस मी विसरलो नाही, आणि विसरायचा प्रयत्नही केला नाही.

दोन वर्षांपूर्वी शिर्डीतल्या एका नव्या हॉटेलच्या बावीस दारांचं काम आलं. कापायला सुरुवात करायची त्या सकाळी दादा टेम्पोवाल्याशी बोलायला बाहेर रस्त्यावर गेला होता. मी प्लायवूड फिरवताना माझं कोपर लागलं आणि बाकावरचा गुण्या शहाबादी फरशीवर पडला, तोही पात्याच्या टोकावर. मी उचलला. इकडंतिकडं बघितलं आणि रेघा मारल्या. दोन रेघा टोकाशी सूतभर, म्हणजे इंचाचा आठवा भाग, फाकल्या. पालथ्या रेघेत चूक दुप्पट दिसते, म्हणजे फुटाला अर्ध्या सुताची खोट. तीन फुटी दारावर ती दीड सूत होणार, आणि दीड सूत आंधळ्यालाही दिसतं. रेघा मी पॉलिश पेपरनं घासून टाकल्या आणि गुण्या होता तिथं ठेवला.

दादा आत आला. मला तीनच शब्द बोलायचे होते. गुण्या पडला, बघ. बोललो नाही. मनात म्हटलं, दुसऱ्याच्या गुण्याबद्दल बोलायची आपल्यात रीत नाही. ती रीत मला त्या दिवसाइतकी गोड कधीच लागली नव्हती.

त्यानं मशीनची आडवी पट्टी गुण्याला लावून करवतीच्या पात्याशी काटकोनात घेतली, पान्यानं बोल्ट आवळले आणि कापायला लागला. दोन दिवस बावीस दारं चालली. दुसरं टोक मी धरलं होतं.

शिर्डीत पहिलं दार चौकटीत उभं केलं. एका कोपऱ्यात घासत होतं आणि दुसऱ्या कोपऱ्यातून उजेड येत होता. दुसरं दार तसंच. तिसरंही तसंच. साईटवरचा सुपरवायझर म्हणाला, “मिस्त्री, चष्म्याचा नंबर बदलून घ्या आता.” दादा तापला. “चौकट वाकडी हाय तुमची!” सुपरवायझरनं स्वतःचा गुण्या चौकटीला लावला. चौकट चोख निघाली. मग तो दादाच्या गुण्याला हात घालायला निघाला, तेव्हा दादानं त्याचं मनगट धरलं. “माझं मी बघतो.”

गवंडी, फरशीवाले, नळवाले, सगळे जमले होते. दादानं एक रेघ मारली, गुण्या पालथा घातला, दुसरी मारली. मग वाकून बघत राहिला. बराच वेळ. कोणीतरी खुदकन हसलं.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? अगदी पोटातून झाला.

परत येताना टेम्पोत त्यानं एकदाच विचारलं, “पडल्ता का रं ह्यो?”

“न्हाई,” मी म्हणालो.

त्या एका शब्दानं काय होईल ते मला तेव्हा कळलं नाही. गुण्या पडला नसेल तर तो खंडेनवमीलाही खोटाच होता. म्हणजे दादानं दोन रेघांची एक बघितली होती. आणि यंदा बघितली असेल तर मागच्या वर्षी कशावरून नाही? त्याआधी कशावरून नाही? हा सगळा हिशेब तो एकटा करत बसला असणार, कारण आठ दिवसांनी त्यानं मशीनची किल्ली माझ्यापुढं ठेवली.

आता कटरवर मी असतो. दादा पॉलिश पेपर घासतो. सगळ्या जन्मात कोणाला काही न विचारलेला माणूस फळी घेऊन माझ्याकडं येतो आणि म्हणतो, “बघ रं, झालं का?” मी काचेसारख्या लाकडावर बोट फिरवतो आणि म्हणतो, “अजून घास.” तो घासतो.

रविवारी तो मोटारसायकल काढून गावोगाव जातो. जिथं जिथं त्याची दारं आहेत तिथं जाऊन म्हणतो, जरा दार लावून बघू का? लोक चहा पाजतात, दादा दार लावतो, उघडतो, पुन्हा लावतो. वहिनीला वाटतं, त्याच्या डोक्यावर परिणाम झाला.

परवा आला तो सरळ माझ्यासमोर उभा राहिला. “आज शेवटची तीन घरं बगितली. समदी दारं बरोबर हायेत. हाटेलाच्या आदल्या सालची बी बरोबर, त्याच्या आदली बी. मंग माझी नजर गेली कवा?” त्याच्या चेहऱ्यावर संशय नव्हता. डॉक्टरला विचारावं तसं तो मला विचारत होता. “तुला काय वाटतं?”

मी मशीन बंद केलं. सांगायची वेळ होती ती, आणि मला ते कळत होतं.

“वय झालं, दादा,” मी म्हणालो.

बावन्न वर्षांचा माणूस तो. “व्हय,” म्हणाला, आणि माझ्यापुढची फळी घासायला घेऊन गेला.