गजाने ठासलेली दारू

ती घटना आजही लख्ख आठवते आणि आठवली की हसू आवरत नाही. सिंधुदुर्गातून पोलीस निरीक्षक म्हणून निवृत्त झालो आणि कतारमध्ये एका बांधकाम कंपनीचा सुरक्षा अधिकारी झालो. विश्वचषकाची तयारी जोरात होती. माझं कार्यालय अल खोरजवळच्या कामगार वसाहतीत होतं.

एका सकाळी पुण्याचा फोरमन खबर घेऊन आला.

"सर, आपला कुडाळचा वेल्डर खोलीत दारू ठेवतो. फोनवर म्हणत होता, 'दारू भरलात? थोडीच घाला.' मी स्वतः ऐकलंय."

तिथे याचा अर्थ सरळ होता: नोकरी खलास आणि परतीचं विमान. वेल्डरच्या घरी म्हातारे आईवडील, शिकणाऱ्या दोन मुली, सगळे त्याच्याच जिवावर.

खोलीची झडती घेतली. बाटली सोडा, बूचही सापडलं नाही. मग त्याला समोर बसवलं.

"साहेबानू, मी दारूक हात लावूक नाय."

"मग फोनवर काय बोलत होतास?"

तो गप्प. मान खाली. हा काहीतरी लपवतोय, याबद्दल मला शंका उरली नाही.

फोरमनला परत बोलावून शब्दन् शब्द सांगायला लावला. तो म्हणाला, "शेवटी म्हणाला, 'गजान हळू ठासा.'"

माझी ट्यूब पेटली. पिणाऱ्याला गज कशाला लागतो? कुडाळकडच्या ठासणीच्या बंदुका मी सेवेत कितीदा तपासल्या होत्या. नळीत बंदुकीची दारू घालायची, चिंधीत गुंडाळलेली गोळी सोडायची आणि लोखंडी गजाने ठासायची.

फोरमनला बाहेर पाठवून वेल्डरला विचारलं, "बंदूक कोणाची?"

त्याचा चेहरा पडला. "बापाशीची. लायसन आसा. बारीक नळीची, सशापुरती. ससे चवळी खातत. बाबांची नजर कमी झाली, दारू जास्त घालतत. नळी फुटली तर?"

"मग बोलला का नाहीस?"

"तुमी आमच्याच जिल्ह्यातले पोलीस. सशाची शिकार म्हणजे गुन्हो मा!"

न केलेल्या गुन्ह्यासाठी हा नोकरी घालवायला निघाला होता, बापाचा गुन्हा झाकायला. मला त्याचा राग आला आणि जीवही कळवळला.

"आत्ता माझ्यासमोर घरी फोन लाव. बंदूक ठाण्यात जमा झाली पाहिजे."

बाप बहिरा. वेल्डर कंठ फोडून ओरडला, "बाबानू, आजपासून दारू बंद!"

दार ढकलून फोरमन आत. "बघा सर, केलं ना कबूल!"

त्याला सगळं समजावलं तेव्हा आधी ओशाळला, मग तोच हसत सुटला. वेल्डर स्टेडियम पूर्ण होईपर्यंत कामावर राहिला आणि बापाने बंदूक जमा केली.

गप्प बसणारा काहीतरी लपवतो, हे मी आजही मानतो. आपण विचारतोय तेच लपवतो, हे मानणं मात्र त्या दिवशी सोडलं. फोरमन अजून भेटला की विचारतो, "सर, त्या वेल्डरची दारू सुटली ना कायमची?"