जळकी तार इथेच राहील

"जळका पंखा नवी तार भरून मिळेल, भाव वर्षभर तोच," अशी दोनशे स्टिकरं छापायची अक्कल भाच्याची. अर्थशास्त्राची पदवी घेतलेला पोरगा म्हणून आत्याने विश्वास ठेवला, तिची चूक एवढीच. त्याने ती घरोघरी पंख्याच्या बटणाशेजारी स्वतःच्या हाताने चिकटवली, तीही न निघणारी. तिसऱ्या आठवड्यात देशाचं चलन घसरलं आणि बाहेरून येणारं तांबं दीडपट महाग झालं.

आत्या बावीस वर्षं पंपाच्या मोटारींच्या कारखान्यात तार गुंडाळत होती. कर्जं महागली, मालकाने कुलूप लावलं, तेव्हा तिने पुढच्या खोलीतला दिवाण मागे ढकलून दुकान थाटलं. भाचा त्याला स्टार्टअप म्हणायचा.

"नोकरीवरून हाकललं, त्याला एवढं गोंडस नाव?" आत्या म्हणायची.

आता नवा पंखा कुणालाच परवडेना. जो तो जळका पंखा काखोटीला मारून दारात. गर्दी वाढली तसा तोटाही वाढला. महिनाभर असंच चाललं असतं, तर दिवाण परत पुढे आला असता.

"मंदीत दुरुस्तीला बरकत असते," भाचा म्हणाला.

"मग बरकतीला सांग, येताना तार घेऊन ये."

"स्टिकरं खरवडून टाकू?"

"शब्द दिलाय. तू आता फक्त झाडू मार."

आत्याची एक खोड होती. पंख्यातून काढलेली जळकी तार ती पुडीत बांधून गिऱ्हाइकाला परत द्यायची. कारखान्यात एकदा तार चोरल्याचा आळ आला होता, तेव्हापासून. गिऱ्हाईक ती पुडी कोपऱ्यावर टाकून मोकळं व्हायचं. एका सकाळी भंगारवाला दारात येऊन लाडात म्हणाला, "ताई, तुमच्या पुड्यांवर माझं नवं छप्पर झालं. आता तर जुनं तांबंही चढलंय."

आत्याने पक्कड खाली ठेवली. दुपारी दारावर पाटी लागली: भाव तोच. जळकी तार इथेच राहील.

कुणी हूं का चूं केलं नाही. भंगाराच्या पैशांत नव्या तारेची भाववाढ भागू लागली. दिवाण मागेच राहिला.

फक्त शेजारच्या टेलरमास्तरांचा पंखा पाटीच्या आदल्या दिवशीचा. त्यांची पुडी न्यायची राहिली होती, ती घाईत पहिल्याच पोत्यातून भंगारात गेली. मास्तर रोज डोकावतात.

"बाई, माझी तार?"

"भाव उतरला की देते, मास्तर."

"मला चढलेलीच हवी."

"मग बसा वाट बघत. पंखा लावते."