घोड्याच्या ट्रेलरमधून दातांच्या डॉक्टरची खुर्ची

"शैला, तुझी गाडी शिकागोपर्यंत जाईल का गं?" मंदाताईंनी विचारलं, तेव्हा मी कणीक मळत होते. जाईल का म्हणजे? माझ्या गाडीबद्दल कुणी असं विचारलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. म्हटलं, जाईल, आणि येतानासुद्धा येईल. मग विचारलं, आणायचं काय आहे?

आणायची होती दातांच्या डॉक्टरची खुर्ची. नुसती खुर्ची नव्हे, तिच्यासोबतचा दिवा, कॉम्प्रेसर आणि हत्यारांचं लोखंडी कपाटही. ऐंशीच्या दशकाच्या मधल्या वर्षांतली ही गोष्ट. आम्ही तेव्हा वायोमिंगमधल्या लॅरमी गावात राहायचो. माझे मिस्टर प्रकाश तिथल्या विद्यापीठात दगडांचा अभ्यास करायचे आणि मी आमच्या जुन्या पिकअपचा. मंदाताई नागपूरच्या डेंटिस्ट, त्यांच्या घरातल्या पहिल्या शिकलेल्या बाई. अमेरिकेत त्यांची डिग्री कुणी विचारेना, म्हणून इथे पुन्हा सगळ्या परीक्षा दिल्या आणि त्या देता देता सहा वर्षं दुसऱ्याच्या दवाखान्यात असिस्टंट म्हणून काढली. आता गावात स्वतःची एक खोली भाड्यानं घेतली होती. शिकागोचा एक म्हातारा डॉक्टर दवाखाना बंद करत होता, त्याची खुर्ची त्यांना परवडली. पण सामान पोचवणारे लोक तीन आठवड्यांचा वायदा देत होते आणि मंदाताईंचा पहिला पेशंट येत्या सोमवारी सकाळी नऊला होता.

"पेशंट कोण?" मी विचारलं. "आहे एक," एवढंच म्हणाल्या.

आता गाडीबद्दल. तुमच्यापैकी कुणाला जुनी पिकअप घेऊन ट्रेलर ओढायची हौस असेल, तर हा परिच्छेद नीट वाचा. माझ्या वडिलांचं, आबांचं, कोल्हापुरात शाहूपुरीत गॅरेज होतं, त्यामुळे ग्रीसचा वास मला अत्तरासारखा. पण ट्रेलर ओढणं मला शिकवलं आमच्या शेजारच्या अर्लनं. सत्तरीचा, गुरं-घोडे पाळणारा, बोलायला महाकंजूष. आदल्या हिवाळ्यात आम्ही दोघांनी त्याच्या शेडमध्ये गाडी उघडली. मागच्या कमानींना एकेक जादा पाटा घातला. हिच, म्हणजे ट्रेलर अडकवायचा आकडा, बंपरला नव्हे, चॅसीला बोल्टनं आवळलं. बंपरला लावलेलं हिच म्हणजे गळ्यात मंगळसूत्र नसून नुसता दोरा, असं मी प्रकाशना सांगितलं होतं, त्यांना काही कळलं नाही. रेडिएटरचे होज बदलले, गिअरबॉक्सचं तेल थंड ठेवायला पुढे वेगळा कूलर बसवला आणि त्या तेलाचं तापमान दाखवणारा काटा डॅशबोर्डवर लावला. ओझं ओढताना इंजिनाआधी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मरतो, हे लक्षात ठेवा. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक होतेच, ते हातानं लावायची छोटी दांडी स्टिअरिंगखाली बसवली.

काम करताना अर्ल खिशातल्या चाकूनं सफरचंदाचे पातळ काप करायचा आणि डाव्या गालानं सावकाश चावायचा. मला वाटायचं, ही याची ऐट. मंदाताई कधीमधी चहाचा थर्मास घेऊन तिथे यायच्या, एका बादलीवर बसायच्या आणि आमच्याकडे बघत राहायच्या.

ट्रेलर अर्लचाच, दोन घोड्यांचा. त्यानं बेअरिंगमध्ये नवं ग्रीस भरून दिलं आणि दोनच वाक्यं बोलला. पहिलं, ट्रेलर शेपूट हलवायला लागला तर गाडीचा ब्रेक मारू नकोस, दांडी ओढ. दुसरं, ज्या गिअरमध्ये चढ चढशील त्याच गिअरमध्ये उतर, आणि कोण पुढे गेलं ते बघू नकोस. दुसरं ऐकून मी चाटच पडले. फोंडा घाटातल्या ट्रकवाल्यांना आबा हेच सांगायचे, शब्दाला शब्द.

बुधवारी पहाटे निघालो. प्रकाशना परीक्षांचे पेपर तपासायचे होते, म्हणून आम्ही दोघीच. मी पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं, तर मंदाताई हसायला लागल्या. त्या बुद्धवंदना म्हणून तयार होत्या, पण लिंबू म्हटलं की त्यांचं डोकं फिरायचं. "लिंबानं गाडी चालत नाही शैला. तेलाची काडी बघितलीस का?" बघितली होती हो, दोनदा बघितली होती. तरी लिंबू चिरडलंच मी.

जाताना ट्रेलर रिकामा, त्यामुळे सुखाचा प्रवास झाला. तेव्हा पेट्रोल गॅलनला साधारण डॉलरभर होतं आणि आमची पिकअप गॅलनला जेमतेम दहा मैल द्यायची, तेव्हा हिशोब तुम्हीच करा. नेब्रास्का म्हणजे नुसता सरळ रस्ता आणि मका. मंदाताईंनी नागपुरी पद्धतीचा झणझणीत वांग्याचं भरीत आणि भाकऱ्या बांधून आणल्या होत्या. ते विश्रांतीच्या थांब्यावर उघडलं तेव्हा शेजारच्या टेबलावरचं कुटुंब हळूच उठून पलीकडे गेलं.

शुक्रवारी सकाळी त्या म्हाताऱ्या डॉक्टरच्या मदतीनं खुर्ची ट्रेलरमध्ये चढवली. अगदी पुढे, घोड्याचं तोंड असतं तिथे उभी केली, जुन्या साड्या नि चादरी गुंडाळल्या, चारी बाजूंनी पट्टे आवळले. कपाट आणि कॉम्प्रेसर तिच्या बाजूला. इथपर्यंत सगळं शास्त्रशुद्ध.

मग आम्ही डेव्हन ॲव्हेन्यूला, शिकागोतल्या देशी बाजारात गेलो. जाणारच ना! लॅरमीत आम्ही आठ देशी घरं, आणि आसपास तांदूळ-डाळ मिळायची बोंब. प्रत्येकीनं यादी दिली होती. शिवाय वाटेत आयोवा सिटीला मंदाताईंची मैत्रीण आणि लिंकनला प्रकाशचे एक मित्र, त्यांच्याही याद्या. घोड्याचा ट्रेलर घेऊन डेव्हनवर पार्किंग शोधणं म्हणजे लग्नात हत्ती आणण्यासारखं. एका बसवाल्यानं हॉर्न वाजवून माझा उद्धार केला, शेवटी मागच्या गल्लीत जागा मिळाली. आम्ही समोसे खाल्ले, गरम जिलबी खाल्ली आणि बासमतीची, पिठाची, तूरडाळीची मिळून बावीस पोती घेतली. ती ठेवली कुठे? ट्रेलरच्या मागच्या दाराशी. म्हटलं, वाटेत घराघरांत उतरवायला सोपं जाईल. कुणाच्या दारात गेलं की आधी चहा, मग पोतं, उगाच सगळं सामान उपसायला नको. दुसऱ्यांची सोय बघायची आपली सवय. आणि गॅरेजवाल्याची मुलगी असून माझ्या डोक्यात काही आलं नाही.

शिकागो सोडून तासभर झाला असेल. शेजारून एक लांबलचक ट्रक भर्रकन गेला आणि आमचा ट्रेलर डोलला. मग पुन्हा डोलला, जास्त जोरात. आरशात बघते तर ट्रेलर कधी या बाजूनं दिसतोय, कधी त्या. पिकअपचा मागचा भाग त्याच्या मागे ओढला जायला लागला. पाय ब्रेककडे गेला होता, खरं सांगते. तेवढ्यात अर्लचं वाक्य आठवलं. ॲक्सिलेटर सोडला, स्टिअरिंग घट्ट धरलं आणि दांडी ओढली. ट्रेलर एकदा हिसकला आणि मुकाट्यानं मागे आला. कडेला गाडी थांबवली.

दार उघडून बघितलं. खुर्ची जागेवर होती. तेव्हा मला अक्कल आली. मागे एवढं वजन, म्हणजे ट्रेलरचं तोंड उचललं जाऊन हिचवर भारच उरला नव्हता. ओझं नेहमी पुढे जास्त, मागे कमी हवं. हे मला अर्लनं एकदा नाही, तीनदा सांगितलं होतं. मी रडायलाच लागले. म्हटलं, मंदाताई, तुमची खुर्ची मी आज रस्त्यावर आडवी केली असती.

मंदाताई ट्रेलरच्या पायरीवर बसल्या. त्या फारशा बोलणाऱ्या नव्हत्या, पण तेव्हा बोलल्या. सहा वर्षं त्या दुसऱ्याच्या खुर्चीशेजारी उभ्या होत्या. आरसा द्यायचा, नळी धरायची, खुर्ची पुसायची. डॉक्टर चुकीचा दात तपासतोय हे दिसायचं, तरी तोंड उघडायचं नाही. "मी घरी आईला पत्रात लिहायची, दवाखाना छान चाललाय. कुणाचा ते लिहायची नाही," त्या म्हणाल्या. "सोमवारी मला ते खोटं मिटवायचंय. आता रड आवर आणि पोतं उचल."

बावीस पोती आम्ही दोघींनी एकेक करून उचलली आणि पिकअपच्या हौद्यात, केबिनला टेकवून रचली. वर ताडपत्री. एक पोतं फाटलं आणि हायवेच्या कडेला बासमती सांडला. मंदाताईंनी तो ओंजळीनं गोळा केला, म्हणाल्या, पक्ष्यांना तरी का फुकट?

त्यानंतर ट्रेलर कोकरासारखा मागे येत राहिला. शुक्रवारची रात्र आयोवा सिटीत काढली. तिथे आणि लिंकनला मिळून सहा पोती उतरली, दोन वेळा जेवणं झाली, लिंकनलाही राहायचा आग्रह झाला. तो मोडून शनिवारी कियर्नीपर्यंत पोचलो. मोटेल पंचवीस डॉलरला, स्वच्छ. दोघी पडल्या पडल्या झोपलो.

खरी परीक्षा रविवारी दुपारी. शायान ते लॅरमी हा पन्नास मैलांचा तुकडा नकाशावर किरकोळ दिसतो. पण रस्ता आधी उंच चढतो आणि मग लॅरमीकडे खाली कोसळतो, आणि वारा असा की उभा माणूस तिरपा व्हावा. शायानला पोचतानाच गिअरबॉक्सचा काटा नेहमीपेक्षा वर होता. माझ्यापुढे साधा प्रश्न होता. खुर्ची न्यायची की तांदूळ? गावात बाकीच्या बायका यादीवर टिक करायला बसलेल्या. तांदूळ मागे ठेवून आले असं सांगितलं तर वर्षभर हळदीकुंकवाला तेच ऐकावं लागणार.

हायवेलगतच्या एका मोटेलात गुजराती काकू गल्ल्यावर होत्या. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी काही न विचारता चादरींच्या खोलीचं कुलूप काढून दिलं. सोळा पोती तिथे उतरवली, त्यांच्या हातचा चहा घेतला आणि निघालो.

चढाला दुसरा गिअर टाकला आणि हीटर पूर्ण सुरू केला. उन्हाळ्यात हीटर! पण इंजिनाची तेवढी तरी उष्णता बाहेर पडते. आम्ही दोघी घामानं निथळत होतो, खिडक्यांतून वारा कानफटात मारत होता. ताशी तीस मैल. सगळं जग आम्हाला मागे टाकून गेलं, एक म्हातारं जोडपं आपल्या छोट्या कारमधून हात हलवून गेलं. काटा लाल रेघेच्या केसभर खाली थांबला. मंदाताई रस्त्याकडे बघतच नव्हत्या, काट्याकडे बघत होत्या.

"काय म्हणतोय?" मी विचारलं.

"आहे तिथेच आहे. तू चालव."

माथा आला. उतारालाही दुसराच गिअर. खाली लॅरमीची घरं दिसायला लागली तेव्हा आम्ही दोघी मोठमोठ्यानं हसत होतो, का ते देव जाणे.

त्याच संध्याकाळी अर्लनं खुर्ची जमिनीत बोल्टनं आवळून दिली. ट्रेलरच्या मागच्या दाराशी सांडलेला थोडा तांदूळ बघून त्यानं माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली.

सोमवारी नऊला मी दवाखान्यात हजर. मंदाताई पांढऱ्या कोटात, हात मागे बांधून उभ्या. नऊ वाजले. नऊ दहा. कुणी नाही. एवढं रामायण ज्याच्यासाठी केलं तो माणूस येत नाही म्हणजे काय? नऊ बाराला दार उघडलं आणि स्वच्छ शर्ट घालून, हॅट हातात धरून अर्ल आत आला.

"उशीर झाला. बाहेर गाडी उभी दिसली, हिचचे बोल्ट बघत होतो," तो म्हणाला.

मग मला म्हणाला, की उजवीकडची दाढ वर्षभर दुखत होती. हिवाळ्यात शेडमध्ये त्याला सफरचंद खाताना बघून या बाईनं विचारलं, कुठली बाजू? "तसं मला कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, तुझी खुर्ची येऊ दे. तोवर थांबतो."

वर्षभर! गावात दोन डॉक्टर होते, आणि हा माणूस डाव्या गालानं सफरचंद खात थांबला होता. म्हणून तर बेअरिंगमध्ये इतकं ग्रीस भरलं होतं. मला हसावं की रडावं कळेना. मंदाताई पाठमोऱ्या होऊन हत्यारं लावत बसल्या, ती आधीच लावलेली होती.

अर्ल खुर्चीत आडवा झाला. रानटी घोडे वठणीवर आणणारा तो माणूस, पण खुर्चीचे दोन्ही हात त्यानं घट्ट धरून ठेवले होते. मंदाताईंनी दिवा ओढला आणि म्हणाल्या, "दुसऱ्या गिअरमध्ये जाऊ. कोण पुढे गेलं ते बघायचं नाही." त्यानं डोळे मिटून मान हलवली आणि तोंड उघडलं.

तांदळासाठी प्रकाशना पुढच्या शनिवारी शायानला जावं लागलं आणि हळदीकुंकवाला मी जे ऐकायचं ते ऐकलं. आता ती पिकअप नाही, अर्लही नाही. मंदाताईंनी दोन वर्षांपूर्वी दवाखाना बंद केला. त्या दिवशी मला एक जुनं पत्र दाखवलं, आईनं जपून ठेवलेलं, त्या सोमवारी रात्री लिहिलेलं. त्यात एकच ओळ होती: आई, आज खुर्चीशेजारी दुसरं कुणी उभं नव्हतं, मीच होते.

अजूनही लांबच्या प्रवासाला निघताना मी चाकाखाली लिंबू ठेवते. पण तेलाची काडी आधी बघते.